बाटली कोणाची?

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरपासून करतो. त्यात तीन मेलेले फोन आहेत, पाच चार्जर आहेत आणि इअरफोनचा एक गुंता आहे. तीनपैकी एका फोनची बॅटरी अशी फुगली की मागचं कव्हर पुरीसारखं टम्म वर आलं. ते दिसल्यावर माझी झोप उडाली, कारण लिथियमची फुगलेली बॅटरी ही घरात ठेवायची वस्तू नाही.

जिथून घेतला त्या दुकानात गेलो. तो म्हणाला, एक्स्चेंजमध्ये बसत नाही, आम्ही घेत नाही. सर्व्हिस सेंटरवर गेलो. तिथं जुन्या फोनसाठी एक पेटी होती, तिच्यावर नोटीस होती, 'सध्या बंद'. शेवटी सकाळी आमच्या सोसायटीत कचरा घ्यायला येणाऱ्या मावशींना विचारलं. त्यांनी लांबूनच बघितलं. "दादा, हे नका देऊ. मागं एकीच्या पोत्यात पेटलं होतं."

म्हणजे बघा, हा फोन विकत घेताना त्याच्यावर हक्क सांगणारे किती लोक होते. कंपनीचा लोगो, विक्रेत्याचं बिल, बँकेचा ईएमआय, सरकारचा जीएसटी. आणि तो मेल्यावर मात्र तो फक्त माझा.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या टीममध्ये एक रिवाज आहे, ज्याने कोड लिहिला त्यालाच ऑन-कॉल राहावं लागतं. रात्री दोन वाजता सर्व्हर पडला तर फोन त्याच्याकडे जातो. हा नियम लागू झाल्यानंतर दोन महिन्यांत आमचा कोड सुधारला. आम्ही जास्त हुशार झालो नव्हतो, आमची झोप त्यात अडकली होती. ड्रॉवरकडे बघताना मला हाच प्रश्न पडला, की वस्तू बनवणाऱ्याला ऑन-कॉल कोणी का ठेवलं नाही?

उत्तर शोधायला गेलो तर कळलं की ठेवलं होतं. आधी तसंच होतं.

माझी आजी लग्न होऊन गिरगावात चाळीत राहायला आली ते वर्ष १९६३. तेव्हा मुंबईत आरेचं दूध काचेच्या बाटलीत यायचं, वर ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं पातळ झाकण. पहाटे केंद्रावर कार्ड आणि रिकामी बाटली घेऊन रांगेत उभं राहायचं. रिकामी दिल्याशिवाय भरलेली मिळायची नाही. मी विचारलं, "आजी, कधी एखादी बाटली फेकून नाही का दिलीस?" ती माझ्याकडे असं बघायला लागली की जणू मी शेजाऱ्याचं पातेलं फेकायला सांगतोय. "फेकायची कशी? ती आपली थोडीच होती?"

या वाक्यात एक अख्खी व्यवस्था आहे. दूध आपलं, बाटली डेअरीची. माझ्या लहानपणीही तिचं शेपूट शिल्लक होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात कोल्ड्रिंकची काचेची बाटली घेतली की दुकानदार ओरडायचा, "इथंच प्यायची, बाटली न्यायची नाही!" न्यायची असेल तर डिपॉझिट ठेवा. गोटी सोड्याचंही तेच. बाटली महाग होती, ती धुऊन पुन्हा भरण्यातच धंदा होता, म्हणून ती परत आणण्याची काळजी बनवणाऱ्यालाच असायची. पर्यावरणाचं नावही कोणी घेत नव्हतं.

मग हे तुटलं कुठं? त्यासाठी अमेरिकेत जावं लागतं, कारण ही गोष्ट तिथं सगळ्यात आधी आणि सगळ्यात उघडपणे घडली.

अमेरिकेतही बिअर आणि सोडा परतीच्या बाटल्यांतूनच विकला जायचा. एक-दोन सेंट डिपॉझिट असायचं, गावोगावी छोटे बॉटलिंग कारखाने असायचे, रिकाम्या बाटल्या तिथंच परत जायच्या. जानेवारी १९३५ मध्ये व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहरात क्रूगर नावाच्या कंपनीने पहिल्यांदा पत्र्याच्या डब्यात बिअर विकायला काढली. डबा बनवला होता अमेरिकन कॅन कंपनीने. त्या डब्याची खासियत म्हणून जी गोष्ट सांगितली जायची ती अशी, की परत करायची कटकट नाही. प्या आणि टाका.

मग दुसरं महायुद्ध झालं, सैनिकांना डब्यातली बिअर गेली. युद्धानंतर मोठ्या ब्रुअरीज आणखी मोठ्या झाल्या आणि छोट्या बंद पडल्या. कारखाना हजार किलोमीटर लांब असेल तर रिकामी काच परत वाहून आणणं परवडत नाही. सुपरमार्केटवाल्यांनाही मागच्या खोलीत बाटल्या निवडत बसायचं नव्हतं. प्रत्येकाचं गणित आपापल्या जागी बरोबर होतं, हे मान्य करायला हवं. फक्त त्या गणितात एक ओळ गायब होती. रिकामा डबा जातो कुठं?

तो जायचा रस्त्याच्या कडेला, आणि तिथून शेतात. व्हरमाँट हे छोटंसं राज्य, दुधाच्या धंद्यावर जगणारं. गाड्यांतून फेकलेल्या बाटल्या गवतात फुटायच्या आणि काच गुरांच्या पोटात जायची. शेतकरी चिडले. १९५३ साली व्हरमाँटने परत न घेता येणाऱ्या बाटल्यांत बिअर विकायला बंदी केली. कायदा मुदतीचा होता, १९५७ मध्ये संपला.

त्याच १९५३ मध्ये अमेरिकेत आणखी एक गोष्ट जन्माला आली. 'कीप अमेरिका ब्युटिफुल' नावाची संस्था. नाव किती गोड! स्थापन करणाऱ्यांत होते कोण? तीच अमेरिकन कॅन कंपनी, आणि काचेच्या बाटल्या बनवणारी ओवेन्स-इलिनॉय. संस्थेचं काम लोकांना शिकवणं, की कचरा करू नका. रस्त्यावर कचरा टाकणाऱ्याला त्यांनी 'लिटरबग' म्हणून हिणवलं. म्हणजे कचऱ्याचा किडा.

इथं मला थोडं थांबायचंय. कचरा करू नका हे सांगणं चुकीचं नाही. डबा गाडीतून फेकणारा माणूस खराच होता, आणि तो चुकतच होता. मी स्वतः सिंहगडावर वेफर्सची पाकिटं गोळा केली आहेत आणि फेकणाऱ्यांना मनातल्या मनात भरपूर शिव्याही दिल्या आहेत. पण प्रश्न कसा फिरवला गेला ते बघा. 'हा डबा असा बनवला का?' हा प्रश्न मागे गेला आणि 'हा डबा असा टाकला का?' हा पुढे आला. पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायला चार कंपन्या होत्या. दुसऱ्या प्रश्नाला कोट्यवधी आरोपी.

या प्रचाराचा कळस म्हणजे १९७१ च्या अर्थ डेला आलेली टीव्हीवरची जाहिरात. यूट्यूबवर आहे, बघा. पिसं आणि कातड्याचे कपडे घातलेला एक मूलनिवासी माणूस होडीतून येतो. नदीत कचरा, काठावर कारखाने. तो हायवेच्या कडेला उभा राहतो, तेवढ्यात धावत्या गाडीतून कोणीतरी कचऱ्याची पिशवी भिरकावतो, ती त्याच्या पायाशी फुटते. तो कॅमेऱ्याकडे वळतो आणि डोळ्यातून एक अश्रू ओघळतो. मग निवेदकाचा आवाज. आशय असा, की प्रदूषण लोक सुरू करतात आणि लोकच ते थांबवू शकतात. लोक, बरं का. कंपन्या नाहीत. जाता जाता, तो रडणारा अभिनेता मूलनिवासी नव्हताच. त्याचे आईवडील इटालियन होते.

आता योगायोग बघा. त्याच १९७१ साली, खंडाच्या दुसऱ्या टोकाला, ऑरेगन राज्यात एक विधेयक पास होत होतं.

ऑरेगनची गोष्ट मला जास्त आवडते, कारण ती एका सामान्य माणसापासून सुरू होते. रिचर्ड चेंबर्स हा लाकूडतोडीची यंत्रं विकणारा माणूस. त्याला समुद्रकिनाऱ्यावर लांब चालत जायचा नाद होता, आणि वाळूत सापडणाऱ्या डब्या-बाटल्यांनी तो हैराण झाला होता. त्याने आपल्या भागातल्या आमदाराला गाठलं. पत्रं लिहिली, फोन केले, माणसं गोळा केली. १९६९ चा पहिला प्रयत्न फसला. पेय आणि डबा कंपन्यांनी जोर लावला होता. १९७१ मध्ये गव्हर्नर टॉम मॅकॉल यांनी बाजू उचलून धरली आणि कायदा झाला. १ ऑक्टोबर १९७२ पासून बिअर आणि सोड्याच्या प्रत्येक डब्या-बाटलीवर साधारण ५ सेंट डिपॉझिट सुरू झालं. रिकामा डबा दुकानात द्या, पैसे परत घ्या.

कायद्यात नवं असं काहीच नव्हतं. माझ्या आजीची आरेची बाटली होती ती. फक्त आता धंद्याच्या सोयीने टाकून दिलेली गोष्ट कायद्याने परत आणली होती.

रस्त्याकडेचे डबे झपाट्याने कमी झाले. गंमत अशी, की फेकणारे लोक काही सुधारले नाहीत! ते फेकतच होते, पण आता त्यांच्या मागून कोणीतरी उचलत होतं. शाळकरी पोरं, बेघर माणसं, ज्यांना पाच सेंटची गरज होती ते. आपल्याकडे हे कळायला ऑरेगनला जायची गरज नाही. रस्त्यावर पाण्याची प्लास्टिकची बाटली तासभरसुद्धा टिकत नाही, कोणीतरी उचलतं, कारण भंगारात तिला भाव आहे. शेजारचं वेफर्सचं पाकीट मात्र पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथंच असतं. दोन्ही फेकणारा माणूस एकच असतो. बाटली उचलली जाते आणि पाकीट पडून राहतं, एवढाच फरक, आणि तो बनवणाऱ्याने आधीच ठरवलेला असतो.

पुढे आणखी काही राज्यांनी असे बाटली-कायदे आणायचा प्रयत्न केला, आणि 'कीप अमेरिका ब्युटिफुल'ची मंडळी त्यांच्या विरोधात उभी राहिली. तेव्हा कुठं काही पर्यावरण संघटनांचे डोळे उघडले आणि सत्तरच्या दशकातच त्या तिच्यापासून बाजूला झाल्या.

आता वीस वर्षं पुढे आणि अटलांटिकच्या पलीकडे जाऊ या. जर्मनी.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पश्चिम जर्मनीत कचरा टाकायला जागा संपत आली होती. नवीन भट्ट्यांना लोकांचा विरोध. मग हे लोक काय करायचे? कचरा ट्रकमध्ये भरून सीमेपलीकडे पूर्व जर्मनीत पाठवायचे. सीमेलगत शोनबर्ग नावाच्या गावाजवळ मोठा कचरा डेपो होता. पूर्व जर्मनीला परकीय चलन हवं होतं, पश्चिमेला जागा. सौदा झकास. आणि मग १९९० मध्ये दोन्ही देश एक झाले. दुसऱ्याच्या घरात ढकललेला कचरा एका सकाळी आपल्याच घरात!

त्या वेळी पर्यावरणमंत्री होते क्लाउस ट्योपफर. डाव्या चळवळीतले वगैरे अजिबात नाहीत, हेल्मुट कोल यांच्या पक्षाचे, अर्थशास्त्र शिकलेले. १९९१ च्या जूनमध्ये त्यांनी पॅकेजिंगचा अध्यादेश लागू केला. मुद्दा एका वाक्याचा. ज्याने पॅकिंग बाजारात आणलं त्याने ते परत घ्यायचं. टप्प्याटप्प्याने आधी वाहतुकीचे खोके, मग बाहेरची वेष्टनं आणि शेवटी आतली डबी-बाटली. मधल्या टप्प्यात तर गिऱ्हाइकाला हक्कच मिळाला, की टूथपेस्ट घेतली तर तिचं पुठ्ठ्याचं खोकं दुकानातच काढून ठेवायचं आणि नुसती ट्यूब घेऊन घरी जायचं.

डोळ्यांसमोर आणा. दुकानदाराच्या काउंटरशी खोक्यांचा ढीग. दुकानदार वैतागून कंपनीला विचारतो, अहो, ट्यूबला खोकं लागतंच कशाला? आणि थोड्याच काळात जर्मनीत टूथपेस्टची खोकी नाहीशी व्हायला लागली. कोणी बंदी घातली नव्हती, कोणी जनजागृती केली नव्हती. खोकं परत यायला लागलं, एवढंच. ट्यूब तर खोक्याशिवायही मजेत उभी राहते.

हा मला सगळ्या गोष्टीतला सर्वात सुंदर क्षण वाटतो. पण तो फार टिकला नाही.

प्रत्येक दुकानात कचरा परत घ्यायचा ही कल्पनाच कंपन्यांना झेपणारी नव्हती. त्यांनी एकत्र येऊन स्वतःचीच एक संस्था काढली, 'डुआलेस सिस्टेम'. पॅकिंगवर हिरवा ठिपका छापायचा, त्याची फी भरायची, आणि ठिपकावाला कचरा ही संस्था घरोघरी पिवळ्या पिशव्यांतून गोळा करणार. तुम्ही परदेशी चॉकलेटवर दोन बाणांचं हिरवं गोल चिन्ह पाहिलं असेल, ते हेच. बऱ्याच जणांना वाटतं की त्याचा अर्थ रीसायकल होतं. नाही. त्याचा अर्थ फी भरली.

लोकांनी इतक्या उत्साहाने कचरा वेगळा केला की यंत्रणाच कोसळायला आली. दह्याचे कप धुऊन पिशवीत टाकणारे जर्मन, आणि ते प्लास्टिक रीसायकल करायला पुरेसे कारखानेच नाहीत. त्यात अनेक कंपन्या ठिपका तर छापायच्या, पण फी पूर्ण भरायच्या नाहीत. १९९३ मध्ये संस्था दिवाळ्याच्या उंबरठ्यावर आली. जर्मन पिशव्या परदेशातल्या ढिगाऱ्यांत सापडायला लागल्या. म्हणजे शोनबर्ग संपलं, पण सवय संपली नव्हती.

मग फी बदलली, पदार्थाप्रमाणे आणि वजनाप्रमाणे. प्लास्टिकला किलोमागे जवळपास ३ मार्क, काचेला त्याचा अगदी छोटा हिस्सा. याने फरक पडला. पॅकिंग हलकं व्हायला लागलं, उगाचची आवरणं गेली. जर्मनीत पॅकेजिंग डिझाइन करणाऱ्या माणसाच्या एक्सेल शीटमध्ये पहिल्यांदा 'मेल्यावरचा खर्च' असा एक कॉलम आला.

ट्योपफर यांच्या त्या अध्यादेशात आणखी एक युक्ती होती, ती इंजिनिअर म्हणून मला फार भावली. त्यात चक्क इफ-एल्स लिहिलं होतं! पुन्हा भरता येणाऱ्या बाटल्यांचा वाटा ७२ टक्क्यांच्या खाली गेला, तर एकदाच वापरायच्या डब्या-बाटल्यांवर सक्तीचं डिपॉझिट लागेल. कंपन्यांना वाटलं, असं काही होणार नाही, झालंच तर सरकार लागू करणार नाही. वाटा घसरला. कोर्टबाजी झाली. आणि १ जानेवारी २००३ ला कंडिशन ट्रू झाली, डिपॉझिट सुरू झालं. आज जर्मनीत शिकायला गेलेल्या तुमच्या मित्राला विचारा, तो महिन्याच्या शेवटी पिशवीभर बाटल्या सुपरमार्केटच्या मशिनमध्ये घालतो, बहुतेकींचे २५ सेंट. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं, की त्यामुळे बाटल्या परत येतात, पण पुन्हा भरायच्या बाटल्यांची घसरण त्यानंतरही थांबली नाही.

या सगळ्याला नाव दिलं ते स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या थॉमस लिंडक्विस्ट यांनी, १९९० मध्ये, स्वीडनच्या पर्यावरण मंत्रालयासाठी केलेल्या अहवालात. एक्स्टेंडेड प्रोड्युसर रिस्पॉन्सिबिलिटी, म्हणजे ईपीआर. उत्पादकाची वाढीव जबाबदारी. लिंडक्विस्ट यांना हवं काय होतं, ते नीट समजून घ्या, कारण नंतर सगळा घोळ इथंच झाला. कचरा उचलायला पैसे गोळा करणं एवढाच त्यांचा हेतू नव्हता. वस्तूच्या शेवटाचा खर्च डिझाइनच्या टेबलापर्यंत पोचावा, म्हणजे वस्तूच वेगळी बनेल, हा होता. आमच्या भाषेत, फीडबॅक लूप.

आता माझा फुगलेला फोन घ्या. समजा कंपनी क ने बॅटरी दोन स्क्रूंवर बसवली आणि कंपनी ख ने गोंदाने चिकटवली. मेल्यावर कचा फोन पाच मिनिटांत सुटतो, खचा सोलावा लागतो. दोघांनी एकाच सामायिक गल्ल्यात वजनाप्रमाणे सारखेच पैसे भरले, तर कला स्क्रू लावण्याचं बक्षीस काय? शून्य. लूप तुटला. जबाबदारी सामायिक झाली की स्वस्त पडते, आणि कोणाचीच राहत नाही. चाळीतल्या सामायिक संडासाचा अनुभव असलेल्यांना जास्त समजवायची गरज नाही.

भारतात ही कल्पना आली कधी? तुमच्या घरात इन्व्हर्टर असेल तर तुम्ही ती वापरली आहे. २००१ पासून शिशाच्या बॅटऱ्यांचे नियम आहेत, विक्रेत्याने जुनी परत घ्यायची. जुनी दिली की नवीवर पैसे कमी होतात, म्हणून जुनी इन्व्हर्टरची बॅटरी कोणी घंटागाडीत टाकत नाही. ई-कचऱ्याचे नियम २०११ ला आले, मे २०१२ पासून लागू झाले. त्यात ईपीआर हा शब्द होता, पण किती परत घ्यायचं याचा आकडाच नव्हता. आकडा नाही म्हणजे डेडलाइन नाही, आणि डेडलाइन नसलेल्या टास्कचं काय होतं ते आपण सगळे जाणतो. २०१६ च्या नियमांत आकडे आले, सुरुवात ३० टक्क्यांपासून. कंपन्या जड आहे म्हणाल्या, २०१८ मध्ये ते १० टक्क्यांवर आणून हळूहळू वाढवायचं ठरलं.

आपल्या महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी केली तेव्हा त्यात एक चांगला तुकडा होता. पाण्याच्या बाटल्यांवर आणि दुधाच्या पिशव्यांवर परत घेण्याची किंमत छापायची. दुधाच्या पिशवीवर ५० पैसे. छापलीही गेली. पण पन्नास पैसे परत मागायला दुकानात गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. पन्नास पैशांचं नाणंच कोणाकडे नसतं! ऑरेगनचे पाच सेंट १९७२ साली उचलण्याइतके होते, फरक तिथं आहे.

मग २०२२ आलं. प्लास्टिकसाठी फेब्रुवारीत आणि ई-कचऱ्यासाठी नोव्हेंबरमध्ये नवीन पद्धत जाहीर झाली. कंपनीने स्वतःची वस्तू शोधून परत आणायची गरज नाही. नोंदणीकृत रीसायकलर रीसायकल करणार, पोर्टलवर त्याचं प्रमाणपत्र तयार होणार, कंपनी ते विकत घेणार. ऐकायला छान. पण पुढच्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत चार प्लास्टिक रीसायकलरनी मिळून सुमारे ६ लाख बनावट प्रमाणपत्रं काढल्याचं उघड झालं. गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातले. डॅशबोर्डवर सगळं हिरवं, आणि गोणीत काहीच नाही. आमच्या धंद्यात याला म्हणतात टेस्ट पास झाल्या, कारण टेस्टमध्ये काही तपासलंच नव्हतं.

२०२४ मध्ये सरकारने ई-कचऱ्याच्या प्रमाणपत्राला किमान दर ठरवला, घरगुती उपकरणांसाठी किलोला २२ रुपये, म्हणजे खरं काम करणाऱ्याला परवडावं. काही मोठ्या कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्यांचं म्हणणं, दर आम्ही आणि रीसायकलर ठरवू, सरकारने मध्ये पडू नये. १९५३ चे डबेवाले आठवले मला. गणित प्रत्येकाचं बरोबरच असतं.

पण भारतातली ईपीआरची गोष्ट मी पोर्टलवर संपवणार नाही, कारण पुण्यात त्याच्या आधीच एक वेगळं प्रकरण घडलं होतं. आणि ते इतकं सरळ आहे की मला ट्योपफर यांच्या टूथपेस्टच्या खोक्यांच्याही पुढचं वाटतं.

पुण्यात १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. बाबा आढावांसारख्यांचं पाठबळ होतं. सभासदांत बहुसंख्य बायका, त्यातही दलित समाजातल्या. पुढे याच कामातून 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था झाली, आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून त्या घरोघरी जाऊन कचरा घ्यायला लागल्या. आमच्याकडे येणाऱ्या मावशी त्यातल्याच.

आता या बायकांच्या हातात रोज काय येतं? वापरलेले सॅनिटरी पॅड. कधी वर्तमानपत्रात गुंडाळलेले, बहुतेकदा नुसतेच, ओल्या कचऱ्यात मिसळलेले. उघड्या हातांनी निवडायचे. त्यांची मागणी केवढी होती? पाकिटाबरोबर टाकायला एक पिशवी द्या, किंवा वेगळं ओळखता येईल असं वेष्टन द्या. तेवढंच. २०११ च्या प्लास्टिकच्या नियमांत उत्पादकाची जबाबदारी लिहिलेलीही होती. पण मागणीला दाद मिळेना.

२०१३ मध्ये त्यांनी मोहीम काढली, 'सेंड इट बॅक'. परत पाठवा. वापरलेले पॅड पिशव्यांत भरले आणि ते बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या कार्यालयांकडे पाठवून दिले.

मी तेव्हा शाळेत होतो, मला यातलं काही माहीत नव्हतं. गेल्या महिन्यात वाचलं तेव्हा आधी हसलो, मग जरा वेळाने हसू गेलं. एसी ऑफिसातल्या रिसेप्शनवर ती पिशवी आल्यावर जी किळस वाटली असेल, ती या बायकांची सकाळी सातची ड्युटी आहे. रोजची. त्यांनी ना सल्लागार नेमला, ना अहवाल लिहिला. बाटली कोणाची, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी पत्ता लिहून पाठवलं.

२०१६ च्या घनकचरा नियमांत अखेर आलं, की सॅनिटरी पॅड बनवणाऱ्यांनी पाकिटाबरोबर टाकण्यासाठी पिशवी किंवा वेष्टन द्यायचं. आज तुम्ही पॅकेट उघडलंत आणि आत छोट्या पिशव्या दिसल्या, तर त्यामागे कायदेमंडळांइतक्याच या बायकाही आहेत. सगळ्याच पॅकेटांत त्या दिसत नाहीत. मावशींना विचारलं, फरक पडला का? म्हणाल्या, "थोडा. काही घरं नीट देतात. पण पिशवी असली तरी माणूस वापरतोच असं नाही ना, दादा." आणि पुढे वेफर्सच्या चकचकीत पाकिटांचा गठ्ठा दाखवून विचारलं, "याचं काय करायचं सांगा. हे भंगारवालाबी घेत नाही." माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या पाकिटात प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते वेगळे करणं परवडत नाही. कोणीतरी ते तसं डिझाइन केलंय. माझ्यासारख्याच कोणीतरी, चांगल्या कॉलेजातून बीटेक होऊन, आणि बहुधा परफॉर्मन्स रिव्ह्यूत त्याला त्याबद्दल शाबासकीही मिळाली असेल. त्याच्याकडे त्या पाकिटाचा ऑन-कॉल कधीच गेला नाही.

तर माझा फोन. पॅड परत पाठवले तसा पोस्टाने पाठवावा असं एक क्षण मनात आलं, पण फुगलेली लिथियम बॅटरी पार्सलमध्ये घालायची नसते, तुम्हीही घालू नका. दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला लावू नका. मी तो बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू भरून त्यात ठेवलाय, बाल्कनीत, सावलीला. मग फोनच्या मूळ खोक्यातलं माहितीपत्रक शोधलं. अगदी शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात, काट मारलेल्या कचरापेटीचं चित्र होतं आणि जुना फोन परत देण्यासाठी एक ईमेल पत्ता. लिहिलं. बॅटरीचा फोटोही जोडला.

चार मिनिटांत उत्तर आलं, तिकीट नंबरसकट. त्याला आज एकोणीस दिवस झाले. स्टेटस 'इन प्रोग्रेस' आहे. मावशी रोज सकाळी विचारतात, "गेला का तो डबा?"